नाचिमुत्तूंचं चाक

पीळमेडू, कोइम्बतूर
६ जुलै १९८८

चि. पूवू,

माझी बायको, म्हणजे तुझी अण्णी, म्हणते, बहिणीला पत्र लिहायचं तुम्हाला दिवाळीलाच सुचतं. आज दिवाळी नाही, तरी लिहितोय. आधी खाली बस.

चाक फिरलं.

पंपाच्या कारखान्यातून सुटल्यापासून मी मागच्या शेडमध्ये काय खटपट करतो, हे तुला अण्णीने तिच्या पद्धतीने कळवलं असेलच. माझ्या पद्धतीने सांगतो. आयुष्यभर मी मोटारींना तांब्याची तार गुंडाळली. वीज दिली की मोटार फिरते, वीज काढली की थांबते. पण लोहचुंबकाला कुणी काही देत नाही, तरी तो ढकलतो आणि ओढतो, आणि कधी दमत नाही. मग त्याच्या या ढकलण्यालाच कामाला का लावू नये? दोन वर्षं याच एका विचाराच्या मागे होतो.

सुब्बण्णनच्या लेथवर लाकडाची तबकडी कातून घेतली. तिच्या कडेला जुन्या लाउडस्पीकरमधले बारा चुंबक बसवले. भोवती थोडे तिरके करून आणखी चुंबक उभे केले. बेअरिंग पंख्याचं. आधी हाताने जोरात फिरवावं लागतं. थोडं अडखळतं, पण एका वेगाला आलं की त्या वेगातच बसतं, जणू कुणी हात धरून नेतंय. मग त्याच वेगात फिरत राहतं. कमी नाही, जास्त नाही. बारीक गुणगुण ऐकू येते. मी दिवसभर समोर बसून राहिलोय, थांबलं नाही.

खोड्याही लिहितो. हे फक्त शेडमधल्या टेबलावर फिरतं. अंगणात नेलं, देवापुढे नेलं, तर जरा वेळाने थांबतं. अण्णी म्हणते, टेबल आग्नेय कोपऱ्यात आहे म्हणून. दुपारी जेवून, जरा डोळा लावून आलो, की कधी कधी थांबलेलं सापडतं. उन्हाने असेल. अण्णी म्हणते, जेवणानंतर तुम्हीही थांबता, मग त्याला का बोलता?

तू इतकी वर्षं मुलींना हेच शिकवतेस, म्हणून सगळं सविस्तर लिहिलं. नीट वाच आणि सांग. का फिरतं?

तुझा अण्णा,
नाचिमुत्तू

*

कुन्नूर
२० जुलै १९८८

ति. अण्णांना पूवूचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. शाळेच्या छापील कागदावर लिहितेय, राग मानू नका. चाचणीच्या वह्यांचा ढीग समोर आहे आणि घरचे कागद संपलेत.

अण्णा, मनापासून अभिनंदन! तुमचं चाक म्हणजे चमत्कारच म्हणायला हवा. या वयात तुम्ही एवढ्या चिकाटीने प्रयोग करता, हे वाचून डोळे भरून आले. स्टाफरूममध्येही सगळ्यांना फार कौतुक वाटलं. भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून मला तुमचा अभिमान वाटतो.

इथे धुकं इतकं आहे की समोरची सुरूची झाडं दिसत नाहीत. मदरचा गुडघा पुन्हा दुखतोय. अण्णींना सांगा, त्यांनी पाठवलेली इडलीबरोबरची पोडी संपली, नन्सनीच संपवली.

प्रकृतीला जपा.

तुमची पूवू

*

पीळमेडू
१४ ऑगस्ट १९८८

कण्णू पूवू,

तू असं काय लिहिलंस गं? तुझे अण्णा जमिनीवर चालत नाहीयेत.

पत्र आलं तेव्हा मी इडलीचं पीठ वाटत होते. हे दारातच उभे राहून वाचत होते. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग तसेच नायरच्या चहाच्या दुकानात. तिथे बाकावर बसून पुन्हा मोठ्याने. परत आल्यावर मला म्हणाले, रामात्ता, खळ कर. मला वाटलं वेष्टीला कांजी करायची असेल. तर तांदळाच्या खळीने तुझं पत्र शेडच्या भिंतीवर चिकटवलं. वर शाळेचा शिक्का छापलेला, खाली तुझी सही. आता जो येतो त्याला आधी पत्र दाखवतात, मग चाक. 'भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून', एवढ्या शब्दांवर बोट ठेवतात आणि समोरच्याकडे बघतात.

सुब्बण्णन येऊन म्हणाला, "काय रे नाचिमुत्तू, आता वीज मंडळ बंदच पाडणार म्हण तू. माझ्या लेथला एक चाक देशील का? मुलीच्या लग्नाच्या महिन्यात विजेचं बिल तरी येणार नाही." हे म्हणाले, "देईन. रांगेत उभा राहा."

खरी गोष्ट पुढे आहे. आयुधपूजेला सगळ्या गल्लीला बोलवायचं यांनी ठरवलंय. त्या दिवशी गल्लीतली सगळी यंत्रं धुऊन, चंदन लावून, विसाव्याला ठेवतात ना, त्या वेळी एकटं हे चाक फिरत राहणार आणि सगळ्यांनी बघायचं. मी म्हटलं, त्या दिवशी हत्याराला कामाला लावणं पाप आहे, माझी सुरीसुद्धा पाटावर ठेवते मी. तर म्हणतात, दमतं त्याला विसावा, हे दमतच नाही.

तू पाहुणी यायचंस. तुझ्यासाठी हातांची खुर्ची शेजारून मागितलीय.

पूवू, मी चौथीपर्यंत शिकले. मला सांग, खरंच ते सदा फिरणार का? हे चाक बसलं तर माझा माणूस बसेल गं. तेवढं मला आधी कळू दे.

आणि उत्तर बंद पाकिटात पाठव. पोस्टमन सगळ्या गल्लीची पत्रं नायरच्या गल्ल्यावर टाकून जातो, आणि उघडं कार्ड दिसलं की नायर ते आधी बाकावरच्यांना वाचून दाखवतो, मग घरी पाठवतो. गेल्या वर्षी चिन्नम्माच्या जावयाचं पोट बिघडलं, ते चिन्नम्माच्या आधी आम्हाला कळलं.

तुझी अण्णी,
रामात्ताळ

*

कुन्नूर
२५ ऑगस्ट १९८८

ति. अण्णींना नमस्कार.

तुम्ही खरं विचारलंत, खरं सांगते. असं चाक असू शकत नाही. काही न घेता कायम फिरत राहणारी वस्तू जगात नाही. हे मी दरवर्षी दहावीच्या मुलींना फळ्यावर लिहून देते आणि त्या पाठ करतात. अण्णांच्या चाकात कुठेतरी भ्रम आहे.

मी ते पत्र त्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलं. ते भिंतीवर जाईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. स्टाफरूममध्ये मी कुणाला काही सांगितलंही नाही. खरं सांगायचं तर सांगायची लाज वाटली. इथे एक तरुण मिस आहे, ती अशी चाकं बनवणाऱ्यांच्या नकला करते आणि सगळ्या हसतात. माझा भाऊ त्यांच्यातला आहे, हे माझ्या तोंडून निघेना.

अण्णी, तुम्ही काहीतरी करून तो समारंभ टाळा. प्रकृतीचं कारण काढा, माझ्याकडे घेऊन या चार दिवस. पण मी असं लिहिलं, हे त्यांना कळू देऊ नका. त्यांना फार लागेल.

तुमची पूवू

*

पीळमेडू
८ सप्टेंबर १९८८

पूवू,

म्हणजे एक भिंतीवर आणि एक माझ्या हातात! कुन्नूरला दोन पूवू राहतात का?

तुझं पत्र मी चुलीत घातलं. यांच्या हाती लागू नये म्हणून. घातल्यावर मात्र मलाच चोरी केल्यासारखं झालं. लग्न झाल्यापासून यांच्यापासून मी काही लपवलं नव्हतं. पापडसुद्धा नाही. आता यांना चहा देताना मान वर होत नाही.

मी बोलून पाहिलं. म्हटलं, समजा चाक थांबलं तर? हे म्हणाले, "पूवूने पास केलंय ते. तुला पूवूपेक्षा जास्त कळतं का?" बायको बोलली की ते भांडण होतं. बहीण बोलली की ते शास्त्र होतं. तेव्हा तूच बोल.

आणि आजारपण कुठून काढू? हा माणूस मागच्या तापातही शेडमध्ये होता.

कुन्नूरहून सकाळची बस धरलीस तर दुपारच्या जेवणाला इथे पोचतेस. तू लंडनला राहत नाहीस. आयुधपूजेच्या आधी एक दिवस ये. शेडमध्ये दार लावून दोघं बसा. रडायचं असेल तर रडा, भांडायचं असेल तर भांडा, मी बाहेर कॉफी घेऊन उभी राहीन. गल्लीपुढे होण्यापेक्षा घरात झालेलं बरं.

येशील ना?

रामात्ताळ

*

कुन्नूर
३ ऑक्टोबर १९८८

ति. अण्णांना पूवूचा नमस्कार.

आयुधपूजेचं आमंत्रण मिळालं. यायची फार इच्छा होती, पण नेमकी त्याच आठवड्यात शाळेची तपासणी आहे आणि प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. मदर सोडणार नाहीत. माझी खुर्ची कुणा वडीलधाऱ्याला द्या.

एवढ्या लोकांना बोलावण्याआधी आणखी थोडे दिवस पाहावं, असं वाटतं. पण तुम्हाला जास्त कळतं.

कार्यक्रमाला शुभेच्छा.

तुमची पूवू

*

पीळमेडू
२४ ऑक्टोबर १९८८

पूवू,

आयुधपूजेला कुठली शाळा उघडी असते गं? इथल्या कॉन्व्हेंटच्या मुली तर गल्लीत चुरमुरे खात फिरत होत्या. ते असो. हेही समजले असतील. तुझ्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल घातला आणि ती रिकामीच ठेवली. कुणाला बसू दिलं नाही.

झालं ते लिहिते. दुसऱ्या कुणाकडून वाकडंतिकडं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे.

दाराला केळीचे खुंट बांधले होते. कोहळा फोडला. यांनी इस्त्रीची वेष्टी नेसली होती, कपाळाला विभूती. ड्रिल, हातोड्या, पक्कड, सगळ्यांना चंदन-कुंकू. चाक सकाळपासून फिरत होतं, टेबलाला मी मोगऱ्याची माळ घातली होती. हो, मीच घातली. म्हटलं, देवाच्या मनात असेल तर फिरेल.

संध्याकाळी सगळी गल्ली आली. लेथवाले, फाउंड्रीवाले, बायका, नायर दुकान बंद करून आला. आपापल्या पूजा उरकून आले होते, त्यामुळे बाहेर एकही यंत्र चालू नव्हतं. हे म्हणाले, "ऐका. कधी एवढी शांतता ऐकलीय या गल्लीत? सगळी दमून झोपलीत. आता हे बघा." मग कापूर लावला, आणि रिवाजाप्रमाणे मेन स्विचला चंदनाचं बोट लावून खटका खाली ओढला. तुला माहीत आहे, घराचा आणि शेडचा खटका एकच. दिवे गेले. घरातल्या फ्रीजची घरघर थांबली. दोन समयांच्या उजेडात चाक फिरत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुब्बण्णननेही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

आधी मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना पाणी आलंय म्हणून असं दिसतंय. फिरताना चाकाची कड नुसती एक रेघ दिसायची. आता तिच्यात एकेक चुंबक वेगळा दिसायला लागला. मग ते मोजता यायला लागले. यांचा हात पुढे गेला, पूवू. नुसतं बोट लावलं असतं तरी चाक आणखी थोडं गेलं असतं, आणि तेवढ्यात मी प्रसादाच्या हरभऱ्यांचं सुंडल वाटायला घेतलं असतं, लोकांचं लक्ष गेलं असतं. मी मनात म्हणत होते, लावा, लावा बोट. यांनी हात मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिले आणि चाक थांबेपर्यंत बघत राहिले. शेवटी ते थोडं उलटं हललं आणि बसलं.

सुब्बण्णन म्हणाला, "नाचिमुत्तू, तुझ्या चाकाची भक्ती मोठी हां! आमच्या लेथपेक्षा आयुधपूजा तेच नीट पाळतं." सगळे हसले. मोठ्याने हसले. हेही थोडं हसले. ते हसू मला बघवलं नाही.

त्यावर कुणीतरी म्हणालं, "आणि ते पत्र? वरच्या कॉन्व्हेंटमधल्या टीचरने पास केलंय ना? काय शिकवते ती पोरींना?" सुब्बण्णन समई घेऊन भिंतीशी गेला आणि तुझं पत्र मोठ्याने वाचायला लागला. शिक्क्यापासून. 'भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून' इथे आल्यावर लोक पुन्हा हसणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांब. ते तिचं नाही. मीच लिहिलंय."

मी वळून बघितलं. यांचा चेहरा समईच्या मागे होता.

"कागद तिच्या जुन्या ट्रंकेत होता. मी लिहिलं आणि लावलं. तिला यातलं काही माहीत नाही. माहीत असतं तर तिने मला आधीच थांबवलं असतं."

मग कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. चाक थांबलं तेव्हा हा माणूस वेडा होता, पत्रानंतर लबाड झाला. लोक हातात केळीच्या पानाचे तुकडे धरून उभे होते. मी सुंडल वाटलं. काय करणार?

विजयादशमीला गल्लीतली सगळी यंत्रं सुरू झाली. हे शेडमध्ये गेले नाहीत. नायरकडे जात नाहीत. कॉफी घरातच पितात आणि कप स्वतः विसळून ठेवतात. तुझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला कुठे तोंड आहे? मला तर ऑगस्टपासून माहीत होतं.

तू ये, असं मी आता म्हणत नाही. तुझं तू बघ.

रामात्ताळ

*

कुन्नूर
२९ ऑक्टोबर १९८८

ति. अण्णांना साष्टांग नमस्कार.

अण्णींनी मला सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावू नका.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी पहिल्या ओळीत माझा हात छान छान शब्दांकडे वळतो. एवढी वर्षं मुलींच्या वह्यांवर 'छान', 'उत्तम', 'प्रयत्न चालू ठेव' लिहून त्याला तेच येतं. तुमच्या पत्रावरही मी तेच लिहिलं. अण्णा, तुम्ही मला विचारलं होतं, 'का फिरतं?' आणि मी तुम्हाला शेरा देऊन वही परत केली.

तपासणी नव्हती. शाळेला सुट्टी होती. त्या संध्याकाळी मी नन्सबरोबर चॅपेलच्या पायऱ्यांवर बसून हरभरे खात होते आणि मनात म्हणत होते, आता तिथे काय चाललं असेल. तीन तासांच्या अंतरावर तुम्ही माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवली होती. मला तुमची लाज वाटत होती, म्हणून मी आले नाही. हे वाक्य लिहिताना पेन थांबतं. पण दुसरं कुठलं वाक्य खरं नाही.

काल तुमचं जुलैचं पत्र काढून वाचलं. खरं म्हणजे पहिल्यांदाच वाचलं. तेव्हा 'चाक फिरलं' इथेच मला उत्तर माहीत होतं, पुढचं मी नजरेखालून घातलं होतं. असं चाक सदा फिरू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते दिवस दिवस फिरत होतं, ते कशाने, हे मला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. तुम्ही सगळं लिहिलं होतं. एकाच टेबलावर फिरतं. एकाच वेगात फिरतं. गुणगुणतं. दुपारी थांबतं. दहावीतली एखादी मुलगीसुद्धा हात वर करून काहीतरी विचारेल. मी विचारलं नाही.

आठवतं तुम्हाला? मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही लेथखालचा लोखंडाचा कीस पुडीत बांधून आणला होता. वहीच्या कागदावर पसरला, खालून चुंबक धरला, आणि कीस उठून रेघा रेघा झाल्या. मी ओरडले होते. तुम्ही म्हणालात, "अशा रेघा का होतात, शाळेत विचारून ये आणि मला सांग." तुमची शाळा तेव्हा सुटली होती, आणि माझी तुमच्या पगारातून सुरू झाली होती. दर सुट्टीला तुम्ही प्रश्न द्यायचात आणि मी सिस्टर ॲग्नेसना विचारून उत्तर आणायची. हे कधी थांबलं, मला सांगता येत नाही. बहुधा मला सगळी उत्तरं येतात असं वाटायला लागलं तेव्हा.

आता विचारते. उशीर झालाय, तरी विचारते. दुपारी चाक थांबायचं तेव्हा गल्लीतले लेथ चालू असायचे की वीज गेलेली असायची? पूजेला खटका ओढला, त्याच्या आधी कधी चाक फिरताना खटका ओढला होता का? गुणगुण चाकातून येत होती की खालून? टेबल कशाचं आहे? टेबलाखाली काय आहे?

आणि ते पत्र तुमचं नाही, माझं आहे. तुमचं उत्तर आलं की पुढच्या रविवारी मी येते आणि नायरच्या दुकानात उभी राहून तसं सांगते.

तुमची
पूवू

*

पीळमेडू
३ नोव्हेंबर १९८८

चि. पूवू,

तुझे प्रश्न मिळाले. क्रमाने उत्तरं देतो.

दुपारी काय व्हायचं, मला माहीत नाही, मी झोपलेला असायचो. तुझ्या अण्णीला विचारलं. ती म्हणाली, त्या दुपारी वीज गेलेलीच असायची, पीठ वाटायचं राहायचं म्हणून तिला आठवतं. पूजेच्या आधी खटका कधी ओढला नव्हता, फ्रीज बंद पडतो म्हणून अण्णी ओढू देत नाही. गुणगुण खालून होती. टेबल लाकडाचं आहे.

टेबलाखाली पेटी आहे.

पत्र हातात घेऊन शेडमध्ये गेलो आणि वाकून बघितलं. फ्रीजला विजेचा दाब कमी पडायचा म्हणून मी बारा वर्षांपूर्वी स्वतः तार गुंडाळून केलेली ती पेटी, अजून भिंतीपलीकडच्या फ्रीजला जोडलेली. तिच्यावर इतकी धूळ की पाट समजून तुझी अण्णी तिच्यावर पाय ठेवते. खटका चालू ठेवून चाकाला वेग दिला, फिरलं. पेटी ओढून अंगणात नेली, चाक बसलं. पुन्हा आणली, फिरवलं, फिरलं. पेटीचा गाभा भरताना तेव्हा माझ्याकडे लोखंडाचे पत्रे कमी होते, तो घट्ट बसला नाही. तिथून चुंबकपणा बाहेर गळतो. वीज जशी उलटसुलट होते तसा तो उलटसुलट होतो, आणि चाक नेमक्या वेगात असलं की प्रत्येक चुंबकाला वेळेवर धक्का देतो. झोपाळ्याला देतात तसा.

म्हणजे मी मोटारच केली होती, पूवू. रोजची. तार, वीज, चुंबक. जन्मभर जी केली तीच. आणि माझ्या हातची तार मला ओळखू आली नाही. गल्ली हसली त्याचं एवढं नाही. याचं वाटतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू नायरकडे काही बोलू नकोस. मी एकदा बोललोय, आता ते तसंच राहू दे. तुझ्या निवृत्तीला एक वर्ष आहे. या गल्लीतल्या दोन मुली तुझ्या शाळेत आहेत, गोष्ट वर पोचायला वेळ लागत नाही. मी लबाड ठरलो तर कुणाचं काय अडतं? मला आता कुठे नोकरी करायची आहे?

पत्र भिंतीवरून निघत नाही. अण्णीने खळ चांगली केली होती.

एक राहिलं. लहानपणी हाच चुंबकपणा कागदातून वर यायचा. आता एवढ्या जाड फळीतून आला. लाकूड त्याला का अडवत नाही, हे तेव्हा मी तुला विचारलं होतं. तू सिस्टर ॲग्नेसना विचारून येणार होतीस. आलीस तेव्हा तुला ताप होता, मग राहूनच गेलं. आता तुला माहीत असेल.

माहीत नसेल तरी ये.

तुझा अण्णा

*

पोस्टकार्ड

श्री. नाचिमुत्तू, मोटार वाइंडर
नायरच्या चहाच्या दुकानासमोर, पीळमेडू, कोइम्बतूर

कुन्नूर, ५ नोव्हेंबर १९८८

ति. अण्णांना नमस्कार.

तुम्ही बोलू नकोस म्हणालात, म्हणून लिहिते.

शेडच्या भिंतीवरचं पत्र माझं आहे. कागद माझ्या शाळेचा, अक्षर माझं, सही माझी. माझ्या भावाने मला चाक का फिरतं असं विचारलं होतं. मी न वाचता शाबासकी दिली. चाक मी पास केलं, त्यांनी नाही. पत्र आपण लिहिलं असं ते म्हणाले, ते मला झाकायला. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी हे कार्ड भिंतीवरच्या पत्राशेजारी धरून अक्षर ताडून बघावं.

चाक का फिरत होतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलंय. ज्याला ऐकायचं असेल त्याने त्यांनाच विचारावं. नीट विचारावं.

लाकूड का अडवत नाही, ते मला माहीत होतं असं वाटत होतं. काल लिहायला बसले तर जमेना. पुस्तक घेऊन येते. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने. खुर्ची नको, टेबलाखाली वाकून बघायचंय.

पूवात्ताळ

ता. क. नायर, हे तुम्ही आधी वाचणारच आहात. तर मोठ्याने वाचा. सुब्बण्णन बाकावर येईपर्यंत थांबा, मग वाचा.